गव्हाणीची वही

भिवंडीच्या तबेल्यातून आणली तेव्हा
तिच्या कानात पिवळा बिल्ला होता, दोनशे चौदा,
आणि खुरं पुढे वळलेली, जुन्या वहाणांसारखी.
टेम्पोला फळी लावली
तर ती फळीवर उभीच राहिली.
उतार म्हणजे काय, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

पदू आबांनी पवन्याचा भारा सोडला पुढ्यात.
हुंगलं. फुर्र केलं. मान फिरवली.
मग रात्रभर चाटत बसली
खुराकाची रिकामी गोणी,
जिच्यात मी गोवऱ्या भरल्या होत्या.

अकरा लिटरची म्हणून घेतली.
पाचव्या दिवशी साडेचार.
डेअरीवरचा भालचंद्र म्हणाला, वहिनी,
एक पोतं कांडी टाका, लागलं तर पान्ह्याची सुई,
आठवड्यात किटली भरते की नाही बघा.
मला भरलेली किटली दिसली. खोटं कशाला बोलू.
धसईपासून घरापर्यंत दिसत राहिली.

आबा कासेकडे बघत नाहीत.
मागे जातात, काडीनं शेण उलटतात
तव्यावरची भाकरी उलटावी तसं.
पातळ आहे अजून, म्हणतात.
हिच्या पोटात बिऱ्हाडं असतात, लाखांनी,
डोळ्यांना न दिसणारी,
सगळी बिअरच्या चोथ्यावर पोसलेली.
ती उठवायची आणि गवतावर जगणारी बसवायची.
वस्ती बसायला वेळ लागतो, सूनबाई.
आबांनी तरुणपणी वाशीला भराव टाकलाय,
त्यांना वस्तीतलं कळतं.

तर मूठ मूठ.
वालाचा पाला, उन्हात मऊ केलेला.
नागलीची काडं, विळीवर बारीक.
तांदळाचा कोंडा, नखभर गूळ, खडेमीठ.
सरकीची पेंड नाही,
ती कुठल्या बियाण्याची कुणाला ठाऊक,
असं ठाण्याच्या ओवळेकर बाई सांगून गेल्यात.
त्या तपासायला येतात, वही बघतात.

वहीत रकाने आहेत.
वैरण कुठली: बांधावरची.
पेंढा कुठला: गोमा भल्याच्या खाचरातला,
त्यानं फवारलं नाही, मी उभी होते तिथे.
औषध: नाही. (एकदा हळद, खांद्याच्या जखमेला.)
शेवटी एक रकाना, पशुकल्याण.
पहिल्या खेपेला मला वाटलं,
कल्याणला किती ढोरं नेली ते विचारतायत.
शून्य लिहिलं.
बाई हसल्या, पण खोडलं नाही.

तेविसाव्या दिवशी, दुपारी,
मी भांडी घासत होते
आणि गोठ्यामागे काहीच वाजत नव्हतं.
साखळी नाही, खूर नाही.
राखेच्या हातानं धावले.
ती आसाणाच्या सावलीत बसली होती,
पाय दुमडून, उतारावर,
डोळे अर्धे मिटलेले, जबडा आडवा चाललेला.
गळ्यातून एक गोळा वर आला, दिसला मला.
मी मोजलं. अठ्ठावन्न वेळा चावला तिनं तो,
मग गिळला, जरा थांबली,
आणि दुसरा बोलावला.

इतका वेळ मी कधी
स्वतःच्या जेवणाला दिलेला नाही.

आता साडेसहा देते.
अकरा देणार नाही, भालचंद्राला सांगून टाकलंय.
किटलीत हात आखडतो कधी कधी,
महिनाअखेरीला तर नक्कीच.
बिल्ला कानातच आहे, काढायचा नसतो म्हणे,
पण आबा तिला तपकीर म्हणतात
आणि ती मान वळवते.

परवा आबांनी हाक मारली, काडी हातात.
पो घट्ट बसला होता, वर गोल वळ्या.
त्याच्या कडेला एक काळा किडा
आपल्याएवढा गोळा मागच्या पायांनी ढकलत
कुठेतरी निघाला होता.
तीन वर्षांत इथे आला नव्हता, आबा म्हणाले.
औषधाच्या शेणाला तो शिवत नाही.

ओवळेकर बाई सोमवारी येतील.
शेवटच्या रकान्यात मी शाईनं लिहून ठेवलंय:
बसते. उठते.
किडा आला.